दोन इंच लूजिंग

दत्ता,

काल सुनावणी झाली. काय झालं ते तुला सांगायचंच आहे, पण सगळं रांगेनं सांगणार. मध्ये बोलायचं नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तोंड घालायची तुझी सवय मला चाळीस वर्षं नडली. आता तू मध्ये बोलू शकत नाहीस, तर हेच मला सहन होत नाहीये.

तुझं जिन्याखालचं दुकान बंद आहे. येता-जाता मी उगाच तिथे थांबतो. परवा तळमजल्यावरच्या पटेलबेन विचारत होत्या, माझे ब्लाऊज कुणाकडे मागायचे? सुमनवहिनी एकेकाला बोलावून कपडे परत देताहेत. शिवलेले शिवलेले, न शिवलेले तसेच. कुणाची तक्रार नाही. तू जिवंत असताना हेच लोक एका काजासाठी तुझ्याशी अर्धा तास भांडायचे.

तुझ्या तेराव्याला मी आलो होतो. जेवलो नाही. वहिनींना वाटलं, पित्त झालं असेल. तुझ्या फोटोसमोरच्या पानावरून मी तसाच उठलो, कारण तू गेलास तेव्हा तुझ्याशी बोलणं बंद करून मला पाच आठवडे झाले होते आणि सहावा आठवडा तू मला दिलाच नाहीस.

तुझ्यावर खापर फोडत नाही. पण सांगायला लागलो की रागच आधी येतो, त्याला मी काय करू?

तुला तो दिवस आठवत असेलच. मी टेकडीवरच्या झाडांना लावलेल्या नोटिशीचा कागद घेऊन तुझ्या दुकानात आलो होतो. आपल्या इमारतीमागचा उतार, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीच्या अलीकडचा. भिंत नंतर आली, जंगल आधीपासून एकच होतं. तिथे गोदामं होणार, ट्रकांसाठी रस्ता होणार, झाडं जाणार. कागदात लिहिलं होतं की त्या जागी झुडपी वाढ आहे, तीही अलीकडची. तू कात्री खाली ठेवलीस. चष्मा कपाळावर चढवलास. "झुडपां? ह्यांका झुडपां म्हणतत? त्या बेहड्याखाली आमी आठ जण जेवूक बसलंव होतंव, तरी सावली उरली होती."

आयुष्यभर मी कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केले. कागदाला कागदानंच उत्तर द्यायचं असतं एवढं मला कळतं. मी तुला समजावलं की आपल्या सावलीला कुणी विचारत नाही, घेर विचारतात. जाड बुंधा म्हणजे जुनं झाड. जुनी झाडं निघाली की प्रकरण वर जातं, मग सहजासहजी हात लावता येत नाही. म्हणजे एकेका झाडाचा घेर मोजून यादी द्यायची, हरकतीच्या अर्जासोबत. तू लगेच गळ्यातला टेप काढून माझ्यासमोर धरलास. "माप घेवचा ना? मगे तुका शिंपीच होयो."

सोसायटीतल्या कुणीही आपल्याला साथ दिली नाही हेही लिहून ठेवतो. सेक्रेटरी म्हणाले, रस्ता झाला की फ्लॅटचे भाव वाढतील. तू त्यांच्या पॅन्ट्स शिवत होतास, म्हणून गप्प बसलास. नंतर मला म्हणालास, त्यांची कंबर दर वर्षी वाढते, त्यांनी वाढीच्या विरोधात कसं जावं? मी तीन दिवस हसत होतो.

मग आपल्या त्या सकाळी. देवाशपथ, माझ्या म्हातारपणातल्या सगळ्यात चांगल्या सकाळी. तुझा एक टेप मोठ्या झाडांना पुरेना, म्हणून तू तीन टेप एकाला एक शिवलेस, आकडे बरोबर जुळवून, दुहेरी टाक्यांनी. वरच्या पाड्यावरची लाडकीबाई टेपाचं दुसरं टोक धरून झाडाला वळसा घालायची. ठरलेल्या उंचीवर तू तुझ्या शिंपीखडूनं रेघ मारायचास. ऐनाच्या भेगाळ सालीवर खडू उठायचा नाही, तेव्हा तू झाडाला म्हणायचास, "जरा सरळ उभे ऱ्हावा." लाडकीबाईला हसू आवरायचं नाही. ती आपल्याला झाडांची नावं सांगायची. हा हेदू, हा कुसुंब, ही काटेसावर, हिला हात लावू नका. बेहड्याशी आली की ती आधी पायातलं काढायची. तुम्हीही काढा असं कधी म्हणाली नाही. तू दुसऱ्या दिवशीपासून काढायला लागलास. मी चिखलाचं कारण सांगत राहिलो.

आणि मग तुझी ती वही. तुझी नेहमीची मापाची वही, लाल पुठ्ठ्याची. पुढून गिऱ्हाइकं, मागून झाडं. मी तुला बजावलं होतं की झाडाच्या खोडावर जो नंबर रंगवलाय तोच लिहायचा. तू नंबर लिहायचास, पण शेजारी नावही लिहायचास. सावंतकाका, मोठी वहिनी, पोस्टमन. मी चिडलो. तू म्हणालास, "नंबर माझ्या डोक्यात रवत नाय रे. गिराईक रवता." काटेसावरीला तू आपल्या सोसायटीतल्या कुणाचं नाव दिलंस ते इथे लिहीत नाही. त्या बाई अजून धडधाकट आहेत.

एकदाच तू हसण्यावारी न नेता बोललास. खडकावर चहा पीत होतो, तू थर्मासातून माझ्या कपात ओतत होतास. म्हणालास, "गिरणी बंद झाली ना, तेव्हा कुणी आमची मोजदाद केली नाय. किती होतो, कोण कोण होतो, कुठे गेलो. मी जॉबरला, आमच्या खात्याच्या मुकादमाला, विचारलं, माझं नाव कुठल्या यादीत आहे? तो म्हणाला, यादीच नाय. तिकडे आता टॉवर उभा आहे. वॉचमन मला आत सोडत नाय." मग उठलास आणि पुढचं झाड मोजायला लागलास. मी काहीतरी बोलायला हवं होतं. चहा गरम आहे असं काहीतरी म्हणालो.

वहीवरून मी यादी टाइप केली. इंचांचे सेंटिमीटर केले, दोनदा तपासले, एक चूक नाही. निदान मला तसं वाटत होतं. माझ्या यादीत चूक नसते याचा मला केवढा माज, तुला माहीतच आहे.

पाहणीला पालिकेच्या वृक्ष अधिकारी मॅडम आल्या, त्यांचे दोन मोजणारे आले, गोदामं बांधणाऱ्या कंपनीचा माणूस आला. मोजणाऱ्यांनी पोलादी टेप लावला. पहिलं झाड, आपल्या यादीपेक्षा पाच सेंटिमीटर कमी. मॅडम म्हणाल्या, होतं कधीकधी. दुसरं, पाच कमी. तिसरं, चौथं, तेच. कंपनीचा माणूस हसायला लागला. "मॅडम, सगळं वाढवून लिहिलंय यांनी." मी तुझ्याकडे पाहिलं तर तू बोटांवर काहीतरी मोजत होतास. तुझा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला.

गप्प बसला असतास तरी चाललं असतं. मी मोजणाऱ्यांच्या टेपवर शंका घेतली असती, नव्यानं मोजणी मागितली असती. पण तू पुढे झालास. "मॅडम, चूक माझी आहे. हे मुद्दाम केलेलं नाय. मी शिंपी आहे. माप घेतलं की हात आपोआप दोन इंच वाढवून लिहितो. लूजिंग. नायतर कपडा अंगाला आवळतो."

सगळे हसले. मॅडमसुद्धा. आणि मी... ते मी लिहूनच ठेवतो, कारण मी म्हणालो तेही आपण विसरलो असं व्हायला नको. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "झाडांना झबली शिवायला आला होतास काय? तुला बरोबर घेतलं हीच माझी चूक." तू मान खाली घालून टेप गुंडाळत होतास. हळूच म्हणालास, "वाढत्या आंगाचा माप असा रे ता. दोन इंच ठेवूकच होये." मी म्हणालो, "गप्प बस आता."

तू गप्प बसलास. मला वाटलं, आत्तापुरता.

मॅडमनी यादी बाजूला ठेवली. म्हणाल्या, दुरुस्त यादी पुढच्या सुनावणीला आणा. मी म्हटलं, सरसकट पाच सेंटिमीटर वजा करून देतो. त्या म्हणाल्या, कागदावरची वजाबाकी चालणार नाही, झाडं पुन्हा मोजा. एवढी सगळी झाडं, दोन म्हातारे आणि दीड-दोन महिने. मी घरी येऊन फाइल कपाटावर टाकली. संपलं म्हटलं. तुझ्यावरचा राग आयता होताच. तो केला की हरल्याचं दुःख करावं लागत नव्हतं. हे मला आत्ता लिहिताना कळतंय, तेव्हा कळत नव्हतं.

त्यानंतर मी जिना उतरताना तुझ्या दुकानाकडे बघायचो नाही. मशीनचा आवाज मात्र यायचा. सकाळी यायचा नाही, दुपारनंतर यायचा. तू सकाळी दुकान का उघडत नाहीस, हा प्रश्न मला पडला होता, दत्ता. विचारलं नाही. तब्येत बरी नसेल, पण मग मला काय, असं मी मनात म्हणालो. हे सगळ्यात वाईट. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तू मशीनवरच गेलास. पायडलवर पाय, सुईखाली कुणाची तरी बाही. वहिनींनी मला हाक मारली तेव्हा मी अनवाणी धावत आलो. इतकी वर्षं दोन जिने उतरायला मला अर्धं मिनिट लागायचं आणि पाच आठवडे मला तेवढा वेळ मिळाला नव्हता.

चौथ्या दिवशी वहिनींनी तुझी वही माझ्या हातात दिली. सोबत वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं. म्हणाल्या, "हे दोन्ही तुमच्यासाठी ठेवलेलं, भावोजी. मी म्हटलं, दोन जिने तर आहेत, देऊन या ना. तर म्हणाले, तो येईल स्वतः, यादी मागायला. त्याच्याशिवाय टाइप कोण करणार?"

पुडकं मी घरी नेऊन तसंच ठेवलं. वही तिथेच उघडली. मागची पानं. प्रत्येक झाडाचा जुना आकडा एका रेघेनं खोडलेला, शेजारी नवा. काही ठिकाणी खाली तारीख, तुझ्या त्या मोडक्या अक्षरात. तू रोज सकाळी वर जात होतास. एकटा, तुझ्या त्या गुडघ्यांनी. काही आकडे बरोबर दोन इंचांनी कमी, काही दीडनंच, एका कुसुंबाला तर जुनाच आकडा कायम. म्हणजे मॅडम बरोबर होत्या, वजाबाकी करून चाललं नसतं. प्रत्येक झाड तू पुन्हा मोजलंस. "पोस्टमन"च्या पुढे कंसात लिहिलंस, "लूजिंग नाही." "मोठी वहिनी"च्या पुढे, "लूजिंग नाही." पानामागून पान हेच. हाताला आवर घालायला लिहीत असशील. चाळीस वर्षांची सवय मोडायची होती, तीही तुझ्यासारख्या हट्टी माणसाच्या हाताची.

उताराच्या अगदी वरची चौदा झाडं राहिली होती. तिथे जुने आकडे तसेच, शेजारची जागा कोरी.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. वाट बघून सगळे थकले. तुझा धाकटा पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, झाडांचं आम्ही बघतो." नंतर मी त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, घरात शेवटी दुसरं काही बोलायचेच नाहीत. कावळा शिवला. या गोष्टी मी मानत नाही, तुला माहीत आहे. मी तेव्हा दुसरीकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तुझा तीन तुकड्यांचा टेप आणि खडू घेऊन वर गेलो. लाडकीबाई खडकावर बसली होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "बाबा रोज यायचा. चहा दोघांपुरता आणायचा. थोडा वेळ वाट बघायचा, मग दुसरा कप मला द्यायचा." मी खाली बसलो. तिनं मला रडू दिलं, नंतर म्हणाली, "ऊन चढेल. उठा."

आम्ही तेरा झाडं मोजली. मला तुझ्यासारखा टेप धरता येत नाही, दर वेळी पीळ पडतो. शेवटी बेहडा. तुला तो शेवटीच ठेवायचा होता की तिथवर चढवत नव्हतं, आता कोण सांगणार? मी चपला काढल्या. चिखल नव्हता. तीन टेप घेराला पुरले नाहीत, मागच्या वेळेसारखाच एक हात कमी पडला. लाडकीबाईनं आपल्या लुगड्याचा काठ जोडून धरला आणि तेवढा काठ मी वेगळा मोजला. आकडा लिहिला. पुढे तुझ्यासारखंच लिहिलं, "लूजिंग नाही." शेजारी गिऱ्हाइकाच्या नावाची जागा मोकळी होती. तिथे तुझं नाव लिहिलं. चालेल ना? सगळ्यांची नावं घातलीस, स्वतःचं कुठे नव्हतं.

माझं मात्र होतं. घरी येऊन टाइप करताना सापडलं. उताराच्या मधोमध एक कुंभा आहे, वाकडा, अर्धा वाळलेला, कुठून तरी पालवी फुटलेला. त्याच्यापुढे "मुकुंदा." तो आकडा तू दोनदा तपासला आहेस.

आता काल. सुनावणीला जाताना म्हटलं, चांगला शर्ट घालावा, आणि मग ते पुडकं सोडलं. मला वाटलंच होतं. दिवाळीत सुनेनं दिलेलं निळं कापड, भांडणाच्या आधी तुझ्याकडे टाकलेलं. पुडकं हातात येईपर्यंत मी ते विसरलो होतो. तू शिवून, काजं करून, इस्त्री करून ठेवला होतास. तोच घातला.

मॅडमनी यादी घेतली. त्यांचे मोजणारे आदल्या दिवशी जाऊन दहा झाडं तपासून आले होते, त्यांच्या मनाला येतील ती. दहाच्या दहा जुळली, दत्ता. बेहडाही त्यात होता, काठासकट. कंपनीचा माणूस म्हणाला, मागच्या वेळी खोटी होती, आता खरी कशावरून? मॅडमनी वही मागितली. मागची पानं उलटत राहिल्या. "लूजिंग नाही, लूजिंग नाही" वाचत गेल्या, मग मला विचारलं, "ते टेलर आज आले नाहीत?"

मी उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, हा तोंडी केला. म्हणालो, "वारले. शेवटची चौदा मी मोजली. बाकी सगळी त्यांनी. चूकही त्यांची नव्हती, यादी तपासायचं काम माझं होतं." हे मला पाहणीच्या दिवशी, त्याच माणसांसमोर म्हणायला हवं होतं. काल म्हटलं. तू नव्हतास.

मॅडमनी लिहून घेतलं की झाडं जुनी आहेत, यादी ग्राह्य, प्रकरण वर जाईल, तोवर एकही झाड तोडायचं नाही. वरून काय येईल ते कुणालाच ठाऊक नाही. मी तुला खोटं सांगणार नाही, आपण जिंकलो नाही. पण आज सकाळी मी वर गेलो तेव्हा सगळी जागच्या जागी होती, आणि ती किती आहेत, कोण कोण आहेत, याची यादी आता कचेरीत आहे.

येताना वहिनींकडे थांबलो. सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता माझ्याकडे बघत होत्या, मग उठून माझ्या शर्टाची बाजू चिमटीत धरली. "हा केवढा सैल झालाय हो तुम्हाला. माप चुकलं वाटतं यांचं." मी तुझा दुकानातला टेप मागितला आणि त्यांच्यासमोरच लावला. छातीला बरोबर दोन इंच जास्त. अडुसष्टाव्या वर्षी, मेल्या. आता माझं काय वाढणार आहे?

वहिनी म्हणाल्या, स्टेशनजवळ एक चांगला शिंपी आहे, त्याच्याकडून आत घेऊन घ्या.

मी नको म्हटलं.